केसमध्ये ‘ळ’ किती? : आपल्या सीमेवरच्या छपाईची आणि तिच्या शब्दांची गोष्ट



आपल्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातल्या जुन्या मराठी घरांत पत्र्याच्या पेटीच्या तळाशी लग्नपत्रिका जपून ठेवलेल्या असतात. त्या एकदा चष्मा लावून नीट वाचा. वर वराचं आडनाव ठसठशीत ‘काळे’ छापलेलं असतं आणि खाली कार्यक्रमाच्या ओळीत ‘सकाली दहा वाजता’. नातवंडं हसतात. म्हणतात, आजोबा, तुमच्या वेळी शुद्धलेखन शिकवत नव्हते का? शिकवत होते, छड्या मारून शिकवत होते. पण छापखान्याच्या केसमध्ये ‘ळ’ नव्हते! आता हे वाक्य नातवंडांना कळत नाही, कारण ‘केस’ म्हणजे काय, ‘खिळा’ म्हणजे काय, हेच कोणाला माहीत राहिलेलं नाही. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतो.

मी कॉमर्सचा पदवीधर, सगळी नोकरी बँकेत. छपाई हा काही माझा धंदा नव्हे. पण तिच्याशी संबंध तीन बाजूंनी आला. घरच्या पत्रिका छापून आणायचं काम माझ्याकडे असे, शाखेची स्टेशनरी माझ्या सहीने येई आणि छापखानेवाल्यांना कर्ज देतानाही मीच त्यांच्या दुकानात जाऊन माल मोजत असे. त्यातून जे शब्द कानावर पडले, त्यांची ही हकीकत.

आधी मुलूख समजून घ्या. आपलं बोरगाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर. आज लोक त्याला रेमंडच्या गिरणीमुळे आणि कारखान्यांमुळे ओळखतात, पण गाव जुनं आणि बोली मराठी. हा सगळा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, मग मध्य प्रांतात आला, आणि तेव्हाही राजधानी नागपूरच. १९५० नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी अशा दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, त्यात सौंसर आलं. पण सीमेची रेघ तीच राहिली. रेघेच्या पलीकडे सावनेर आणि अलीकडे आपण. घरात मराठी, कचेरीत हिंदी.

ही रेघ छापखान्यातही होती. इकडच्या छापखान्यांचं पोट भरायचं ते हिंदी कामावर. पावत्या, फॉर्म, शाळेची प्रगतिपत्रकं, निवडणुकीची पत्रकं, सगळं हिंदीत. म्हणून मालक अक्षरं मागवायचा तीही हिंदीच्या हिशेबाने. मराठी काम म्हणजे लग्नपत्रिका, मुंजीची पत्रिका, तेरवीचं कार्ड, आरत्यांची चोपडी. तेवढ्यासाठी वेगळी अक्षरं कोण घेऊन ठेवणार?

आता ‘केस’ म्हणजे काय ते सांगतो. केस म्हणजे लाकडाचा सपाट ट्रे, त्यात लहान-लहान खण. प्रत्येक खणात एका अक्षराचे धातूचे ठसे. त्या ठशांना मराठीत ‘खिळे’ म्हणतात. खिळा शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा. टोकावर अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं. इंग्रजीला दोन केस पुरतात. वरच्या केसमध्ये मोठी अक्षरं, खालच्यात लहान. तेच ते ‘अप्पर केस’ आणि ‘लोअर केस’. आजही संगणकावर पासवर्ड टाकताना आपण हे शब्द वापरतो, पण त्यामागचा लाकडी ट्रे कोणाला आठवत नाही. देवनागरीला मात्र काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं धरून खणांची संख्या शेकड्यांत जाते. त्यामुळे आपल्या कंपोझिटरच्या पुढ्यात आणि बाजूला केसच केस मांडलेले असत, आणि तो मध्ये उभा.

त्याच्या डाव्या हातात ‘स्टिक’, म्हणजे लोखंडी पट्टी. उजवा हात न बघता खणात जायचा. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते, ती अंगठ्याला लागली की खिळा सुलटा की उलटा ते कळे. ओळ भरली की दुसरी ओळ. दोन ओळींत अंतर हवं असेल तर मध्ये शिशाची पातळ पट्टी घालायची, तिला ‘लेड’ म्हणत. जुळलेला मजकूर ‘गॅली’त ठेवायचा, दोऱ्याने बांधायचा, शाई लावून एक कच्चा कागद काढायचा. तो ‘प्रूफ’. प्रूफ तपासून आलं की पानं लोखंडी चौकटीत कसायची. ती चौकट म्हणजे ‘चेस’ आणि कसलेला सगळा ऐवज म्हणजे ‘फर्मा’. इंग्रजी ‘फॉर्म’चा आपल्या लोकांनी फर्मा केला आणि तो इतका मराठी झाला की पुस्तकवाले आजही ‘किती फर्म्यांचं पुस्तक?’ असंच विचारतात. आठ पानांचा फर्मा, सोळा पानांचा फर्मा. छापून झालं की सगळे खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. हे काम शिकाऊ पोराचं. तो चुकला तर पुढच्या कामात ‘मामा’चा ‘भामा’ होणार!

आता येऊ ‘ळ’कडे. खिळे विकत मिळायचे वजनावर. पण सगळी अक्षरं सारखी येत नसत. ज्या भाषेत जे अक्षर जास्त लागतं ते जास्त, कमी लागतं ते कमी. हिंदीच्या लिखाणात ‘ळ’ जवळपास लागतच नाही. म्हणून हिंदीच्या प्रमाणात आलेल्या मालात ‘ळ’ असला तर असला. आमच्या घरच्या एका लग्नाची पत्रिका घेऊन मी सौंसरच्या एका छापखान्यात गेलो होतो. कंपोझिटर माणूस वयस्क, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी वळणाचं. कागद वाचून त्याने आधी खण चाचपला आणि म्हणाला, “साहेब, ळ सहाच हायेत. कुठं कुठं लावू ते आत्ताच सांगा.”

मंडळी, हा प्रश्न मी जन्मभर विसरलो नाही. सहा ‘ळ’, आणि मजकुरात लागत होते अकरा. बँकेत आम्ही मर्यादित पैसा कोणाला द्यायचा ते ठरवायचो, तसं इथे अक्षरांचं रेशनिंग. आधी वधूवरांची आडनावं. मग कुळातल्या वडीलधाऱ्यांची नावं, कारण ती चुकली तर मांडवात रुसवे. मग गावाचं नाव. उरलंच तर ‘वेळ’ आणि ‘सकाळी’. नाही उरलं तर ‘वेल’ आणि ‘सकाली’. लोक समजून घेत. कधी शेजारच्या छापखान्यातून दोन ‘ळ’ उसने आणले जात आणि काम झालं की धुऊन परत. ज्याला पैसा आणि सवड होती तो छोट्या गाडीने नागपूरला जाऊन पत्रिका छापून आणी. ती नॅरोगेजची गाडी २०१५ मध्ये बंद झाली. नागपूरहून छापून आणलेली पत्रिका लगेच ओळखू येई, कारण तिच्यात सगळे ‘ळ’ जागेवर असत आणि ‘ल’ दोन पाकळ्यांचा असे.

‘ळ’ एकटाच नव्हता. मराठीत आणखी एक नाजूक अक्षर आहे. ‘आचाऱ्यांना’ मधला तो आडव्या पापणीसारखा ‘र’. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून त्याचाही खिळा नसे. मग लग्नातल्या आचाऱ्यांचे आभार मानायचे तर छापून यायचं ‘आचार्यांचे आभार’. स्वयंपाक करणारा माणूस एका खिळ्याअभावी थेट गुरुकुलात जाऊन बसला!

हसण्यावारी नेण्यासारखं हे आहे, पण सगळंच नाही. ‘काळे’चा ‘काले’, ‘वाळके’चा ‘वालके’ हा बदल पत्रिकेपुरता राहिला नाही. तो दोष एकट्या छापखान्याचा होता असं मी म्हणणार नाही. इकडे हिंदीत लिहिणाऱ्याच्या लेखणीतही ‘ळ’ नव्हता. पण छापलेल्या कागदाला हाताने लिहिलेल्यापेक्षा वजन असतं. माणूस म्हणतो, छापून आलंय म्हणजे तेच बरोबर. मग शाळेत मुलाचं नाव घालताना बाप छापील ‘काले’ दाखवतो आणि ते पिढीजात होतं. शाखेत माझ्यासमोर अशी प्रकरणं यायची. ऋण पुस्तिकेवर ‘काले’, आजोळी नागपूरला शिकल्याच्या दाखल्यावर ‘काळे’. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच, म्हणून खातं उघडताना काही अडत नसे. अडायचं ते वारसाच्या वेळी, देवनागरीतले कागद शेजारी-शेजारी ठेवले की. मग स्टॅम्पपेपर आणा, शपथपत्र करा, साक्षीदार आणा. एका अक्षरासाठी म्हाताऱ्या बाईने तहसिलीच्या चार-चार चकरा मारलेल्या मी बघितल्या आहेत.

मग हे खिळे आले तरी कुठून? त्या इतिहासातही आपला नागपूरचा धागा आहे, म्हणून थोडं मागे जातो.

भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, १५५६ मध्ये. तिथे १६१६ साली फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. भाषा मराठी, पण अक्षरं रोमन, कारण देवनागरी खिळेच नव्हते. म्हणजे खिळ्यांअभावी अडण्याचं दुखणं मराठीला पहिल्या दिवसापासूनचं आहे. देवनागरी अक्षरांत मराठी छापली गेली ती महाराष्ट्रात नव्हे तर बंगालमध्ये, श्रीरामपूरला. विल्यम कॅरीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण तिथे छापलं आणि १८१० मध्ये कोश, तो मोडी अक्षरांत. त्याला मराठी शिकवणारे पंडित वैजनाथशास्त्री मूळचे नागपूरचे! श्रीरामपूरच्या मराठी पुस्तकांत नागपूरकर भोसल्यांची वंशावळसुद्धा आहे. आपल्या मुलखाच्या राजघराण्याची हकीकत इतक्या लवकर छापील झाली, तीही हजार किलोमीटरवर.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमने देवनागरीचे सुबक खिळे केले. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापलं. शिळाप्रेस म्हणजे दगडावरची छपाई. दगडावर तेलकट शाईने लिहायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फिरवली की ती फक्त लिहिलेल्या जागी चिकटते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, एवढीच युक्ती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यानंतर जावजी दादाजी. लहानपणी मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागलेला हा मुलगा. त्यांनी १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू हे त्यांचे अक्षर कोरणारे सोबती. निर्णयसागरच्या वळणाची अक्षरं देशभरच्या संस्कृत पोथ्यांत पोहोचली.

खणांची गर्दी कमी करावी म्हणून लोकमान्य टिळकांनीही देवनागरी खिळ्यांवर बरीच खटपट केली. सावरकरांनी ‘इ’, ‘उ’ ही वेगळी अक्षरं काढून ‘अ’लाच वेलांटी-उकार लावण्याची सूचना केली आणि ‘किर्लोस्कर’ मासिक तसं छापलंही जात होतं. आपल्या आज्यांना ‘अि’ आणि ‘अु’ वाचायची सवय होती ती त्यातूनच. त्यामागे खण वाचवण्याचा हिशेब होता. अक्षरांची देवाणघेवाण दुतर्फा झाली हेही सांगायला पाहिजे. आज हिंदीत जे ‘अ’, ‘झ’, ‘ण’ लिहितात ते मुंबई वळणाचे, आपल्याकडून गेलेले. आणि हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आपल्याकडे आले. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ पुन्हा ठरवून दिले. या सगळ्या विषयावर बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये इंग्रजीत तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. ते सरकारी मुद्रणखात्यातले जाणते अधिकारी.

शब्दांबद्दल एक गंमत. स्वातंत्र्याच्या आसपास डॉ. रघुवीर यांनी आपल्या नागपुरातच राहून हजारो संस्कृत पारिभाषिक शब्द घडवले. मराठीतही ‘मुद्रक’, ‘अक्षरजुळणी’, ‘मुद्रितशोधन’, ‘जुळारी’ हे छान शब्द आहेत, पुस्तकाच्या आतल्या पानावर ते शोभतात. पण छापखान्याच्या फरशीवर मला कोणी ‘जुळारी’ म्हणताना ऐकू आला नाही. तिथे ‘कंपोझिटर’, ‘ट्रेडल’, ‘फर्मा’, ‘ब्लॉक’. जाड ठशाला ‘काळा’, बारीक ठशाला ‘पांढरा’. ‘नाव चोवीस पॉइंट काळ्यात घ्या, मजकूर बारा पॉइंट पांढऱ्यात.’ एका इंचात बहात्तर पॉइंट, बारा पॉइंटचा एक पायका. हात शाईत असलेल्या माणसाने जो शब्द उचलला तो टिकला.

कागदाचे शब्द तर आणखी दूरदूरचे. ‘दस्ता’ हा फारसी, हातात मावेल एवढा, चोवीस तावांचा. वीस दस्त्यांचा एक ‘रीम’, म्हणजे ४८०. पुढे हिशेबाला सोपा म्हणून रीम ५०० तावांचा झाला. ‘फूलस्केप’ म्हणजे विदूषकाची टोपी. जुन्या युरोपी कागदाच्या पोटात तसं जलचिन्ह असे, त्यावरून कागदाच्या मापालाच ते नाव पडलं. आमच्या बँकेतले गंभीर अर्ज वर्षानुवर्षं विदूषकाच्या टोपीवर लिहिले जात होते! ‘डेमी’ म्हणजे १८ बाय २३ इंचांचा ताव, ‘क्राऊन’ १५ बाय २०. पुस्तकाच्या जाहिरातीत ‘डेमी एक अष्टमांश’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ डेमी तावाचा आठवा भाग. आता ए-४ आलं आणि हे सगळं मागे पडलं. कागदाची जाडी आता जीएसएमवर मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएम, पत्रिकेचं कार्ड ३०० च्या आसपास.

बँकवाल्याला आणखी एक मौज दिसते. आमचे आणि छापखान्याचे कितीतरी शब्द सारखे, अर्थ निराळे. ‘मार्जिन’ म्हणजे आमच्याकडे कर्जदाराने स्वतःचे घालायचे पैसे, त्यांच्याकडे पानाच्या कडेची कोरी जागा. ‘फोलिओ’ म्हणजे आमच्याकडे लेजरचं खातेपान, त्यांच्याकडे पानाचा आकडा. ‘इंडेंट’ म्हणजे आम्ही हेड ऑफिसकडे केलेली स्टेशनरीची मागणी, त्यांच्याकडे परिच्छेदाच्या सुरुवातीला सोडलेली जागा. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी. कोरी जागा सोडल्याशिवाय काही उभं राहत नाही. मार्जिन नसलेलं कर्ज बुडतं आणि मार्जिन नसलेलं पान वाचवत नाही.

चेकच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत जे वेडेवाकडे आकडे असतात त्यांना ‘एमआयसीआर’ म्हणतात. चुंबकीय शाईने छापलेले ते आकडे यंत्र वाचतं. त्या अक्षरवळणाचं नाव ई-१३बी. त्यात दहा आकडे आणि चार खुणा एवढंच. सहा आकडी चेक नंबर, मग नऊ आकडी कोड, त्यात पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. नव्या चेकची झेरॉक्स काढली तर त्यावर ‘व्हॉइड’ शब्द उमटतो, तीही छपाईचीच करामत.

आणि नोट तर छपाईचं विद्यापीठ. नोटेचा कागद आपल्याच राज्यात नर्मदापुरमच्या (पूर्वीच्या होशंगाबादच्या) गिरणीत तयार होतो, ती १९६८ ची. छपाई देवासला, तो कारखाना १९७४ चा. एकाच नोटेत तीन जातींची छपाई असते. मागचा नाजूक रंग ऑफसेटचा. महात्माजींचं चित्र ‘इंटाग्लिओ’चं, म्हणजे कोरलेल्या खाचेत शाई भरून जबर दाबाने उठवलेलं, म्हणून बोटाला खरखर लागते. आणि नंबर लेटरप्रेसचा, म्हणजे आपल्या खिळ्यांचाच भाऊबंद. नोटेच्या मागे पंधरा भाषांची पट्टी असते, त्यात मराठीची ओळ आहे. मध्य प्रदेशात छापली जाणारी सगळ्यांत जास्त खपाची मराठी कोणती विचाराल तर ती हीच!

आता खिळे गेले कसे ते. १९८३ मध्ये सुशिक्षित बेरोजगारांसाठी स्वयंरोजगाराची योजना आली, १९९३ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना. दोन्हींत छापखान्याचे अर्ज येत. तारणाची यादी करताना ट्रेडल मशीन एक, कटिंग मशीन एक, आणि ‘टाइप, इतके किलो’ असं लिहायचं. अक्षरांची किंमत किलोवर! आधी मला ते विचित्र वाटे, मग सवय झाली. आणि नव्वदीच्या सुमारास ऑफसेट आपल्याकडच्या लहान गावांतही पोचू लागलं तेव्हा ती किंमत खरंच किलोवरच वसूल झाली. खिळ्यांची पोती भंगारात गेली, वितळून शिसं झालं. त्या पोत्यांत ते सहा ‘ळ’ही गेले असणार.

ऑफसेट म्हणजे नवं काय? युक्ती तीच गणपत कृष्णाजींच्या दगडाची. तेल आणि पाणी. फक्त दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची ‘प्लेट’. प्लेटवरून चित्र रबराच्या ‘ब्लँकेट’वर उतरतं आणि तिथून कागदावर. कागद प्लेटला थेट लागत नाही, म्हणून नाव ऑफसेट. रंगीत काम चार शायांचं. आकाशी, गुलाबी, पिवळी आणि काळी, म्हणजे ‘सीएमवायके’. चारही छाप एकावर एक तंतोतंत बसले पाहिजेत, त्याला ‘रजिस्टर’ म्हणतात. रजिस्टर हललं की कॅलेंडरवरच्या गणपतीला दोन सोंडा दिसतात. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तेव्हा दगडावर हेच करायचे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड.

आजच्या पोरांसाठी दोन-तीन शब्द कामाचे सांगतो, कारण पत्रिका आता तुम्हीच मोबाईलवर करता. रंग कार्डाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर कापायच्या रेषेच्या बाहेर साधारण तीन मिलिमीटर रंग जास्त सोडा. त्याला ‘ब्लीड’ म्हणतात. नाहीतर कापल्यावर कडेला पांढरी रेघ राहते. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छपाईला देऊ नका, तो लहान केलेला असतो. छपाईला एका इंचात साधारण तीनशे ठिपके लागतात. पडद्यावरचा झगमगीत रंग कागदावर मंद येतो, कारण पडदा उजेडाचा असतो आणि कागद शाईचा. आणि प्रूफ कागदावर काढून, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

संगणक आल्यावर ‘ळ’चा प्रश्न सुटला असं मला वाटलं होतं. पुण्यात सी-डॅक १९८८ मध्ये सुरू झालं, भारतीय भाषा संगणकावर आल्या. मॉड्युलरचं श्रीलिपी आलं. आपल्या बाजूला मात्र चालायचं कृतिदेव. आता कृतिदेवमध्ये ‘ळ’ आहे, एका बटणावर आहे. पण हिंदी टायपिंग शिकलेल्या मुलाच्या बोटाला ते बटण माहीत नसे. म्हणजे खणात खिळा असून हात तिकडे जात नव्हता! शिवाय एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसता कचरा दिसायचा. १९९१ मध्ये युनिकोड आलं, त्यात ‘ळ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि त्या पापणीवाल्या ‘ऱ’लाही. र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोजमधून घरोघरी गेला. आज तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये ‘ळ’ अमाप आहेत. कोणाकडून उसने आणायला नकोत.

आणि तरीही मागच्या लग्नसराईत चार पत्रिका आल्या, चारही आपल्या मराठी घरांच्या, त्यातल्या दोघींवर ‘सकाली’ होतं. आता अडचण खिळ्याची नाही, सवयीची आहे. मूल हिंदी शाळेत शिकतं, घरी मराठी बोलतं, ‘सकाळ’ तोंडाने नीट म्हणतं, पण लिहिताना ‘ल’ लिहितं. हिंदीशी माझं भांडण नाही. माझी सगळी नोकरी हिंदीत झाली, माझे अर्धे मित्र हिंदी बोलतात. पण आपलं आडनाव आपल्या उच्चाराप्रमाणे लिहिलं जावं एवढी अपेक्षा जास्त नाही.

तेव्हा तीन कामं करा. एक, घरातल्या जुन्या पत्रिका, कार्यक्रमपत्रिका, पावत्या फेकू नका. खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि गाव असतं, तोही आपल्या गावांचा इतिहास आहे. दोन, तुमच्या आडनावात ‘ळ’ असेल तर आधार, दाखला आणि जमिनीचा कागद शेजारी ठेवून बघा, फरक असेल तर आई-वडील असतानाच दुरुस्त करून घ्या. हे बँकवाल्याचं ऐका. तीन, पुढची पत्रिका छापायला द्याल तेव्हा एकेक ‘ळ’ मोजून घ्या.

त्या कंपोझिटरने सहा ‘ळ’ किती विचाराने लावले होते. आपल्याजवळ तर हवे तेवढे आहेत.

कोणाच्या घरी छापखाना होता, किंवा कोणाच्या वडिलांनी खिळे जुळवले असतील, त्यांनी आपल्याकडचे शब्द जरूर लिहावेत. माझी यादी अपुरी आहे. छापखान्यातली जुनी माणसं अजून आहेत तोवर ती पुरी करून घेऊ.